टाकी, कल्हई आणि पेट्रोल

जुनी मोटरसायकल दहा-पंधरा वर्षे परसात किंवा जिन्याखाली उभी राहिली, तर तिचे इंजिन पुष्कळदा वाचते. टाकी क्वचितच वाचते. इंजिनाचे ओतीव भाग जाड असतात आणि त्यांना तेलाचा हात लागलेला असतो. टाकी म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा, आणि तिला गंज चढतो तो आतून. बाहेरचा रंग शाबूत दिसत असताना आत तांबड्या खपल्या सुटू लागतात, त्या कॉकच्या जाळीत आणि पुढे कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात आणि गाडी चढावर दम सोडते. मेकॅनिकचे निदान एका वाक्याचे असते: टाकीतून कचरा येतोय. मग मालकापुढे दोन वाटा उरतात. टाकी साफ करून झाळून घ्यायची, नाहीतर दुसरी बसवायची. या निवडीचा इतिहास आपल्याकडे फार थोडक्यात उरकला जातो. पूर्वी सुटे भाग मिळत नसत म्हणून लोक दुरुस्त करत, आता मिळतात म्हणून बदलतात, एवढेच सांगितले जाते. हे उत्तर अपुरे आहे आणि त्याने एका कारागिरीवर अन्याय होतो, असे माझे म्हणणे आहे. टाकी दुरुस्त करण्याची रीत टंचाईने टिकवली हे खरे, पण तिचा जन्म टंचाईत झालेला नाही. मोटरसायकल येण्याआधीच इथे रुळलेल्या पत्रेकामात तिची मुळे आहेत. आज ती मागे पडते आहे, त्यालाही बाजारात टाक्या मुबलक झाल्या हे एकटे कारण पुरत नाही. टाकीत ओतले जाणारे पेट्रोल बदलले, आणि त्या बदलाबरोबर ही विद्या पुढे न्यावी असे फारसे कोणाला वाटले नाही.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या विलायती मोटरसायकलींची टाकी चपटी आणि लांबट असे, चौकटीच्या वरच्या दोन नळ्यांच्या मध्ये अडकवलेली. पत्रे कापायचे, दुमडायचे आणि सांधे कथील-शिशाच्या झाळीने बंद करायचे, अशी ती बने. अशी टाकी गळू लागली तर तिचा सांधा उकलून पुन्हा झाळणे कोणाही चांगल्या पत्रेकाऱ्याला जमण्यासारखे होते. भारतात त्या काळी मोटरसायकली मोजक्या होत्या, पण हे काम जाणणारे हात गावोगाव होते. रॉकेल चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून येई, आणि डबा रिकामा झाला की त्याच्या चिमण्या, मापे, नरसाळी, धान्याचे डबे होत. हा पत्रा इतका खपत होता की बर्मा ऑइल आणि टाटा यांनी मिळून १९२० साली जमशेदपूरला गोलमुरी इथे टिनप्लेट कंपनी काढली. तेलाच्या डब्यांना लागणारा, कथलाचा मुलामा दिलेला पत्रा देशातच बनावा हा तिचा मुख्य हेतू. इंधन साठवायच्या पत्र्याला कथील लावून गंजापासून राखायचे, त्याचे सांधे झाळायचे आणि गळका डबा पुन्हा वापरात आणायचा, ही सगळी विद्या पेट्रोलपंपांच्या आधीपासून बाजारपेठेत होती. घरोघरची पितळी-तांब्याची भांडी कल्हईला जात, तेव्हा तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून धातू उजळायचा आणि लगेच कथील फिरवायचे, हेच तत्त्व तिथेही होते. टाकी झाळताना नवसागराच्या जागी आम्लात जस्त विरघळवून केलेले पाणी आले, इतकाच फरक. कल्हईवाल्यांच्या घराण्यांनीच पुढे टाक्या झाळल्या असा माझा दावा नाही; धंदे असे सरळ रेषेत बदलत नाहीत. पण धातू स्वच्छ केल्याशिवाय कथील धरत नाही, आणि पातळ पत्र्याला आच जपून द्यावी लागते, ही समज बाहेरून आणावी लागली नाही.

१९२०च्या दशकात टाकीचा आकार बदलला. साच्यात दाबून काढलेली, वरच्या नळीवर खोगिरासारखी बसणारी टाकी रूढ झाली आणि दशक संपता संपता चपटी टाकी जुनाट ठरली. आजच्या बहुतेक जुन्या गाड्यांवर दिसते ती हीच टाकी, आणि तिच्या गंजाचे मर्म तिच्या आकारात आहे. नळीला जागा देण्यासाठी तिच्या पोटात बोगदा ठेवलेला असतो. त्यामुळे खाली दोन्ही बाजूंना दोन कप्पे लोंबतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते या कप्प्यांच्या तळाशी जाऊन बसते. काही विलायती गाड्यांना दोन्हीकडे कॉक असत किंवा दोन कप्पे जोडणारी नळी असे. जिथे कॉक एकाच बाजूला, तिथे पलीकडच्या कप्प्यातले पाणी वर्षानुवर्षे हलतच नाही, आणि पहिले भोक बहुधा तिथेच पडते. कॉकच्या बाजूलाही रचना अशी की नेहमीच्या वापराची नळी तळापासून वर उभी असते आणि रिझर्व्हचे तोंड अगदी खाली. महिनोन् महिने रिझर्व्हवर न आलेल्या गाडीत तळाचा गाळ साचत राहतो आणि ज्या दिवशी रिझर्व्ह लागते त्याच दिवशी तो सगळा कार्बोरेटरकडे धावतो. हे पाणी येते कुठून? झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. दिवसा टाकी तापली की आतली हवा बाहेर जाते, रात्री गार झाली की दमट हवा आत येते आणि मोकळ्या पत्र्यावर दव धरते. टाकी जितकी रिकामी, तितका उघडा पत्रा जास्त. कोकण-गोव्यातले चार महिने आणि रोज लागेल तेवढेच पेट्रोल भरण्याची काटकसर, ही जोडी टाकीला फार महाग पडते. पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांना यात थोडा दिलासा होता. पेट्रोल उडून गेले तरी तेलाचा पातळ थर पत्र्यावर मागे राही. मोटारींच्या टाक्यांना तर बराच काळ शिसे-कथलाचा मुलामा दिलेला पत्रा वापरत. मोटरसायकलींच्या पुष्कळ टाक्या मात्र आतून उघड्या पोलादाच्याच असत.

आता टंचाईकडे येऊ. १९५४ साली भारतीय सैन्यासाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या गेल्या, आणि १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एन्फिल्डने मद्रास मोटर्सच्या साथीने एन्फिल्ड इंडिया उभी केली. आयडियल जावा कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि म्हैसूरच्या कारखान्यातून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा निघू लागल्या. १९७३ पासून त्यांचे नाव येझदी झाले. पोलंडच्या गाडीवर बेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूतही १९६०च्या दशकातली, आणि खेडोपाडी दूधवाल्यांची गाडी म्हणून तिचीच ओळख होती. किती गाड्या बनवायच्या हे परवान्याने ठरे, आणि मोठ्या कारखान्यांच्या पोलादाचे भाव व वाटप १९९२ पर्यंत सरकारी नियंत्रणाखाली होते. अशा काळात नवी टाकी मागवण्यापेक्षा जुनी झाळणे स्वाभाविकच. टंचाईचा सिद्धांत मांडणाऱ्यांचा आधार हाच आहे आणि तो खोटा नाही. पण त्याने सगळे उलगडत नाही. टंचाई सर्वच भागांची होती. बेअरिंग, पिस्टन रिंग, कार्बोरेटरचे जेट यांचीही वाट पाहावी लागे, तरी ते भाग कोपऱ्यावरच्या गॅरेजात झाळून चालते झाले नाहीत. ते मिळेपर्यंत गाडी उभी राही, किंवा दुसऱ्या गाडीचे काढून बसवले जात. जो भाग दुरुस्त झाला, तो दुरुस्त करण्याची विद्या हाताशी होती म्हणून झाला. टंचाईने गिऱ्हाईक पाठवले. काम कसे करायचे हे तिने शिकवले नाही. दुसरा पुरावा काळाचा. १९८०च्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याच्या १०० सीसी गाड्या आल्या, १९९१ नंतर बहुतेक उद्योगांतली परवान्यांची पद्धत गेली, दुकाने सुट्या भागांनी भरली. तरीही टाक्या झाळल्या जातच राहिल्या. केवळ नाइलाजाने केलेले काम नाइलाज संपल्यावर इतकी वर्षे टिकत नाही.

हे काम कसे चालते ते नीट पाहिल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येणार नाही. टाकी उतरवायची, कॉक काढायचा, पेट्रोल संपूर्ण ओतून टाकायचे. आत मूठभर बारीक खडी किंवा जुनी चेन आणि साबणाचे पाणी घालून टाकी चहूबाजूंनी हलवायची, म्हणजे सुटे पापुद्रे निघतात. भोक बुजवण्याआधीचा क्षण सर्वांत धोक्याचा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक असते, कारण हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये असले की ते मिश्रण ठिणगीने पेटते आणि रिकाम्या टाकीत नेमके तेच प्रमाण साधले जाऊ शकते. म्हणून जाणता कारागीर भोक तेवढे वर राहील अशा बेताने टाकी पाण्याने काठोकाठ भरतो. कोणी दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर आत सोडून हवा हुसकावतात. मग भोकाभोवतीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, जस्ताचे पाणी लावायचे आणि झाळ फिरवायची. भोक मोठे असेल तर पत्र्याचे ठिगळ लावायचे. इथे जुन्या पत्रेकाऱ्याचे शहाणपण दिसते. योग्य प्रमाणातली कथील-शिशाची झाळ १८३ अंशांना वितळते, पितळी ब्रेझिंगला ८५० अंशांच्या वर जावे लागते. गॅसच्या ज्योतीने सांधा भक्कम होतो, पण पातळ पत्रा वाकडा होतो, रंग जळतो आणि शेजारचा झिजलेला भागही उघडा पडतो. तळाच्या बारीक भोकांना कमी आचेची झाळच योग्य, आणि हे पत्रेकाऱ्यांना पुस्तकाशिवाय माहीत होते.

याच कामातली एक पद्धत मात्र मला घातक वाटते. गंज झटपट निघावा म्हणून संडास धुण्याचे तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, टाकीत ओतण्याची चाल सर्रास पडली. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते, आणि त्याचे क्लोराइड सांध्यांच्या दुमडीत अडकून राहतात. धुतल्यावर चकाकणारी टाकी काही आठवड्यांत पुन्हा तांबडी होते आणि दोष जुन्या पत्र्याला दिला जातो. फॉस्फोरिक आम्ल गंजाचे फॉस्फेट करून पत्र्यावर बरा थर ठेवते. सायट्रिक आम्ल सावकाश पण सौम्यपणे काम करते. सर्वांत कमी नुकसान विजेच्या रीतीने होते. टाकीत धुण्याच्या सोड्याचे पाणी भरायचे, लोखंडी सळई पत्र्याला न टेकवता मध्ये लोंबती ठेवून बॅटरी चार्जरच्या धन टोकाला जोडायची आणि टाकी ऋण टोकाला. गंज सुटतो, चांगला पत्रा शाबूत राहतो. सळई स्टेनलेसची नको, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरू शकतात. आणि निघणारा हायड्रोजन पेट घेणारा असल्यामुळे हे काम उघड्यावरच करायला हवे. ही विद्या उस्तादाकडून हाताखालच्या पोराकडे बोलत-बघत गेली, कागदावर फारशी उतरली नाही. त्यामुळे चांगली रीत आणि वाईट रीत दोन्ही सारख्याच सहजपणे पसरल्या. तेजाबाच्या वाफेत, शिशाच्या धुरात हे काम करणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसांचा हिशेब तर कोणीच ठेवला नाही, आणि जुन्या गाड्यांच्या हौशीने भारावलेल्या आपण मंडळींनी तो विसरता कामा नये.

तिकडे पेट्रोल बदलत होते आणि त्या बदलाची सुरुवात महाराष्ट्राच्या अगदी जवळची आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीला सुरू झाले. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण आले. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. इथेनॉल पाण्याला ओढते. साधे पेट्रोल जवळजवळ पाणी विरघळवत नाही, १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मात्र साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेते. त्यापलीकडे पाणी गेले, किंवा हवा गार होऊन ही क्षमता घटली, की पाणी आणि अल्कोहोल एकत्र वेगळे होऊन तळाशी थर धरतात. यावर एक आक्षेप रास्त आहे. १९७०ची टाकी इथेनॉल येण्याआधीच गंजली होती, मग आज सगळा दोष उसाच्या माथी का? ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला या मिश्रणातून दोन पैसे मिळतात, तेही काही क्षुल्लक नव्हे. मला हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य आहे. रोज चालणाऱ्या गाडीत तर इथेनॉल थोडे पाणी आपल्यात घेऊन इंजिनावाटे बाहेर नेते, म्हणजे ते टाकीच्या उपयोगीच पडते. पण जुनी गाडी रोज चालत नाही. ती पावसाळाभर उभी असते, आणि उभ्या टाकीच्या तळाशी आता नुसते पाणी बसत नाही, तर पाणी-अल्कोहोलचे असे मिश्रण बसते की जे रबराचे वॉशर फुगवते आणि धातूला अधिक झोंबते. दुरुस्तीवरही याचा परिणाम झाला. टाकीला आतून अस्तर म्हणून ओतायची काही जुनी रसायने अल्कोहोलने मऊ पडून सुटू लागली. इंग्लंड-अमेरिकेत फायबरग्लासच्या टाक्या असलेल्या जुन्या नॉर्टन गाड्यांच्या मालकांना हा फटका आधीच बसला होता. आपल्याकडे २० टक्के मिश्रणाला साजेशा नव्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या टाक्यांसाठी कोणते अस्तर, कोणता डिंक, कोणते वॉशर टिकतील हे सांगणारे कोणी पुढे आले नाही. कारागिराचा हात तोच राहिला आणि समोरचे द्रव्य बदलले. या विद्येची पीछेहाट मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

मग सरळ नवी टाकी का घेऊ नये? आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण जावा-येझदीच्या टाक्या आजही मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात, दिल्लीच्या करोल बागेत विचारले तर कुठून तरी टाकी निघते. त्यातल्या काही जुन्या गाड्यांच्या असतात, काही लहान कारखान्यांनी नव्याने घडवलेल्या नकला. नवी टाकी स्वस्त, झटपट आणि झाळकामाच्या धोक्यापासून मुक्त, हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि बोगद्याचा सांधाच सगळीकडून खाल्लेला असेल किंवा पत्रा बोटाने दबत असेल तर टाकी बदलावीच. तिथे जुन्याचा हट्ट धरणे म्हणजे मांडीखाली आग घेऊन फिरणे. पण दोन-चार भोकांच्या टाकीला हा न्याय लावू नये. नकली टाकीच्या साच्यात मूळ वळण पूर्ण उतरत नाही, बसण्याच्या जागा चुकतात आणि त्या ताणाने नव्या पत्र्यालाच तडे जाऊ लागतात. पत्रा किती जाडीचा, सांधा कसा जोडला, हे रंगाखाली कळत नाही. शिवाय तीही आतून बहुधा उघड्या पोलादाचीच असते. जुनी टाकी ज्या पाण्याने आणि ज्या पेट्रोलने खाल्ली, तेच तिच्यातही जाणार आहे. अस्तर आणि वापर यांचा विचार न करता टाकी बदलणाऱ्याने गंज काही वर्षे पुढे ढकललेला असतो.

बाहेरचा भाग तर नव्याने आणताच येत नाही. जुन्या जावाच्या टाकीच्या दोन्ही कुशींवर क्रोमचा पट्टा आणि वर मरून रंग असे. क्रोम पुन्हा चढवायचा तर जुना थर आम्लाने उतरवावा लागतो आणि त्यात आधीच झिजलेला पत्रा चाळणी होतो. म्हणून आतली दुरुस्ती आधी, क्रोम नंतर, हा क्रम जाणकार पाळतात. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा हाताने, मोकळ्या कुंचल्याने ओढण्याची परंपरा आहे. अशा टाकीवर एका माणसाच्या मनगटाची खूण असते. यावर शेवटचा आक्षेप असा की ठिगळ लावलेली, आतून अस्तर दिलेली, पुन्हा क्रोम केलेली टाकी तरी मूळची कुठे राहिली? या प्रश्नाला आता कायदेशीर बाजूही आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम अधिसूचित केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी ‘व्हीए’ या अक्षरांच्या क्रमांकाने नोंदवता येते. चॅसिसवर क्रमांक असतो, इंजिनावर असतो. टाकीवर नोंदणीचा कोणताही क्रमांक नसतो, म्हणून ती बदलली तरी कागदोपत्री काहीच हलत नाही. मोटारीच्या बाबतीत बॉडी शेल म्हणजे काय हे उघड आहे. मोटरसायकलीला त्या नावाने ओळखावे असे टाकीखेरीज फार थोडे असते. तेव्हा नियमाचा हेतू मूळ स्वरूप जपण्याचा असेल, तर साच्यातून एकदाच निघालेला टाकीचा आकार त्यात यायला हवा. आतले अस्तर गरजेप्रमाणे काढता-घालता येते आणि तळाची झाळ पुन्हा उकलता येते. भंगारात वजनावर गेलेली टाकी मात्र परत मिळत नाही. नोंदणीसाठी गाडी तपासणाऱ्याने टाकीचा तळ जरूर पाहावा, आणि तिथे जुन्या झाळीचे ठिगळ आढळले तर ते मालकाच्या बाजूने धरावे, कारण काल-परवा घडवलेल्या नकलेला असे ठिगळ लागण्याचे कारणच नसते.